माझ्या नावाचा रोट

"हाई उखर्डूनी. हाई प्रमिलानी. हाई प्रेमराजनी. अन हाई धाकल्या कुंदननी."

हा आवाज भिकुबाईंचा, माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या काकूंचा. मी सहा वर्षांचा असताना ऐकलेला. त्या जाऊन आता पंधरा वर्षं होतील, पण कुणी सुपात गहू ओतले की मला आधी तो आवाज ऐकू येतो आणि मग गव्हाचा. आबांचं, आईचं, भाऊचं, शेवटी माझं, असं एकेक नाव घ्यायचं, मूठ भरायची, परातीत सोडायची, आणि वर पाव मूठ. माणशी सव्वा मूठ.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, केळीच्या दोन खांबांमध्ये चौरंगावर मांडतात. तिच्या रोटांसाठी घरातल्या माणसांची अशी नावानिशी मोजणी होते. रोट म्हणजे पुरणाची जाड पोळी. आमच्या घरची रीत अशी, की ज्याच्या नावाची मूठ त्याच्या नावाचा एक रोट, आणि तो त्यानंच खायचा. शेजाऱ्याला द्यायचा नाही, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही.

त्या वर्षी मी माझ्या रोटाचा तुकडा ओट्यावरून गल्लीतल्या कुत्र्याला टाकायला निघालो होतो. भिकुबाईंनी मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशीही चार बोटांचे वळ होते.

"रोट बाहेर गया ना भो, त्याना मांगे नाव बी जास."

"मग काय होतं?"

"मंग काय. खाय गुपचूप."

मी खाल्ला.

पुढे मी जळगावला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. तिथं मेहरूण भागात तिघांत एक खोली होती. वजन-मापाचा नाद लागला तो तेव्हा. एकदा कानबाईला घरी येताना खिशात मावणारा तराजू आणला आणि आईची प्रत्येक सव्वा मूठ तोलली. एक सहासष्ट ग्रॅम, एक एकोणसत्तर, एक पंच्याहत्तर.

"आई, तुझं माप चुकतंय."

"मूठ काय तराजूवरी भरतस का रे शहाण्या?" आई हसली. "ज्यानी भूक मोठी, त्याले दोन दाना जास्त पडतस."

पंच्याहत्तर ग्रॅमची मूठ माझी होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी बंगलोरला गेलो. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, हातात एकोणीस हजार. गावात पेढे वाटले गेले. त्या शहरात एकोणीस हजार म्हणजे किती, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. साडेआठ हजारांत खोली नव्हे, एका पीजीत खाट मिळाली. दोघांच्या खोलीत तीन खाटा घातलेल्या. अनामत भरण्यासाठी प्रेमराजभाऊनं आपली मोटारसायकल विकली आणि डेअरीवर दूध घालायला तो सायकलवर जाऊ लागला. मी घरी सांगितलं, कंपनीनं फ्लॅट दिलाय, फक्त अनामत आपण भरायची. प्रयोगशाळेत सांगितलं, वडील केळी परदेशात पाठवतात. आमची केळी पावणेदोन एकरांत होती. खोटं बोलताना जीभ कधी अडखळली नाही. लाज वाटायची ती दुपारी, सगळ्यांसमोर डबा उघडताना. कारण डब्यात पीजीतल्या सकाळच्या दोन इडल्याच असायच्या.

श्रावण आला. आईचा फोन आला.

"कानबाईले येस ना रे?"

"सुट्टी नाही आई."

सुट्टी होती. जायचं-यायचं भाडं नव्हतं.

आई म्हणाली, "राहू दे. कर तुनं काम."

कानबाईनंतरच्या मंगळवारी सकाळी मी पीजीच्या फाटकाशी उभा होतो. प्रयोगशाळेतले दोन वरिष्ठ गाडी घेऊन मला न्यायला आले होते, कुठल्याशा प्रशिक्षणाला एकत्र जायचं होतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आबा येताना दिसले. पांढरी टोपी, गुडघ्यापाशी मळलेला पायजमा, खांद्यावर खताच्या कंपनीची पिशवी. दीड दिवस जनरलच्या डब्यात बसून आले होते. हातात पत्ता लिहिलेला कागद, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू बंगलोर त्यांनीच शोधून काढलं होतं.

"कुंदन!" त्यांनी पलीकडूनच हाक मारली. जवळ येऊन पिशवीतून आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. "तुनी मायनी धाडं शे. मी म्हनं, रोट घरबाहेर जात नही. ती म्हने, तो जठे शे तठेबी आपलंच घर शे. फ्लॅट कोठे शे तुना?"

गाडीतून एकानं विचारलं, हे कोण?

मी इंग्रजीत सांगितलं, "आमचा सर्व्हंट आहे, शेतावरचा. वडिलांनी पाठवलंय."

आबांनी गाडीकडे बघून हात जोडले. हसू तसंच होतं, फक्त आता ते कुणाचं नव्हतं. मग फडकं माझ्या हातात दिलं.

"बरं. निंघस मी."

त्यांनी फ्लॅटचं पुन्हा विचारलं नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. आबा सातवी शिकलेले, त्यांना इंग्रजी येत नाही, असं मी दिवसभर मनाला बजावत राहिलो. पण सर्व्हंट हा शब्द कळायला इंग्रजी यावं लागत नाही. ते मला संध्याकाळी कळलं, फडकं सोडताना.

गाठ सुटेना.

तिसऱ्या खाटेवर आठवडाभरापूर्वी एक जण आला होता. प्रयोगशाळेत मी बाटलीला लेबल लावल्याशिवाय ती फळीवर ठेवत नाही, पण या माणसाचं नाव मी विचारलं नव्हतं. माझ्याच वयाचा असावा. तो मेसमध्ये जेवायला यायचा नाही, आणि बाहेर खाताना कुणी त्याला पाहिलं नव्हतं. आज त्याचा चेहरा आठवायला गेलो तर फक्त बोटं आठवतात. लांब, स्वच्छ.

तो माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत होता.

"खाओगे?" मी विचारलं.

"किसका है?"

"किसी का नहीं," मी म्हणालो. "ले लो."

गाठ त्यानं सहज सोडली. सावकाश खाल्ला रोट, एकेक घास थांबून. संपल्यावर बोटाचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि फडक्यावरचा एकेक कण टिपून खाल्ला. मग विचारलं, घरात कोण कोण आहे?

मी सगळं सांगितलं. आबांचं नाव, आईचं, प्रेमराजभाऊचं, ज्योतीवहिनीचं. वहिनीला दिवस गेलेत हेही. अनेर नदी, चोपड्याहून शिरपूरकडे जाणारी बस, आमचा थांबा, चिंचेखालून आत वळणारा रस्ता. का सांगितलं कुणास ठाऊक. त्या शहरात आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आप नहीं जाते?"

"नहीं."

"अच्छा," तो म्हणाला. गाडीत रिकामी जागा बघून, इथं कोणी बसलंय का, असं विचारतात आणि नाही म्हटल्यावर माणूस जसा अच्छा म्हणतो, अगदी तसा.

चार दिवसांनी तो पीजी सोडून गेला. माझा निळ्या चौकडीचा शर्टही दोरीवरून गेला. एका शर्टासाठी कुठं तक्रार करायची, म्हणून मी गप्प बसलो.

मोठ्या शहरात चोऱ्या होतात. यात नवल काही नव्हतं.

दिवाळीला घरी सांगितलं, तिकीट मिळालं नाही. तिकिटं होती. आई म्हणाली, "बरं." तिनं हट्ट केला नाही. मला वाटलं, आबांनी घरी सगळं सांगितलं असणार. पण आबा फोनवर यायचेच नाहीत. कधी गोठ्यात असायचे, कधी शेतात.

मार्गशीर्षात एकदा आईशी बोलत होतो. तिच्या मागे कुणीतरी हसलं. आईनं फोनवर हात ठेवला असावा, तरी ऐकू आलं: "हळू रे. फोन चालू शे."

"कोण आहे ग?"

"कोनी नही. वासरू शे."

वासराला असं कुणी बोलत नाही. पण आमची आई बोलते. ती कानबाईच्या नारळाशीही बोलते. मी विषय वाढवला नाही.

माघात वहिनीला मुलगा झाला. बारशाला मी गेलो नाही, साडेतीनशे रुपये पाठवले. पाठवताना आकड्याकडे बघवत नव्हतं. त्या संध्याकाळी भाऊबंदांच्या ग्रुपवर प्रेमराजभाऊनं एक फोटो टाकला. पाळणा, बायका, खुर्चीत आबा. आबांच्या मागे कुणीतरी उभं होतं, चेहऱ्यावर पाळण्याची दोरी आडवी आलेली. निळ्या चौकडीचा शर्ट. एक हात आबांच्या खांद्यावर.

मी फोटो मोठा करून बघणार, तोवर तो काढून टाकलेला होता.

भाऊला फोन लावला.

"चुकीसन पडना," तो म्हणाला.

"आबांच्या मागं कोण होतं?"

"गर्दी व्हती भो. कोन कोन ध्यानमा ठेवू?" आणि मग, "तू नव्हता ना. मंग काय इचारस?"

तो टोमणा होता. लाज वाटणाऱ्या माणसाला सगळेच शब्द टोमणे वाटतात, हा एक फायदा असतो; दुसरं काही शोधावं लागत नाही. निळी चौकडी बाजारात शेकड्यांनी मिळते, असं म्हणून मी फोन ठेवला.

पण त्या दिवसापासून दुपारचा डबा बंद केला आणि भाडं साठवलं. यंदाच्या कानबाईला जायचं ठरवलं. मला एवढंच हवं होतं: रविवारी माझ्या नावाचा रोट ताटात घ्यायचा, आणि तो तोंडात घालण्याआधी आबांची माफी मागायची. रोट मिळाला की मी घरचा, आणि घरचा झालो की बाकीचं सांगता येईल, असा माझा हिशेब होता.

शनिवारी दुपारी भुसावळहून जळगाव, जळगावहून चोपडा. चोपड्याच्या स्टँडबाहेर आमच्या गावचा रतिलाल रिक्षा लावून उभा होता. मला बघून त्यानं कपाळावर आठ्या घातल्या.

"काय रे कुंदन, चोपड्याले कव्हय वना? सकाळी तर डेअरीवर होतास."

"आत्ता येतोय मी. बंगलोरहून."

"हां हां, बंगलोरहून." तो मोठ्यानं हसला. "बस, बंगलोरवाले. भाडं नको देऊ, आबा चिडतील. पोरगं परत आलं म्हणून म्हातारा कसा टवटवीत झालाय, बघतोस ना. दुधाचे कॅन उचलू देत नाहीस त्यांना, चांगलं करतोस."

रस्ताभर दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याएवढा झालेला होता. मी हँडलला धरून बसलो आणि विचार केला. आबा गावात खोटं सांगत असणार. मुलगा येत नाही याची लाज वाटून, मुलगा आलाय असं सांगत असणार. खोटं बोलायला आमच्या घरात मीच सुरुवात केली होती. ते माझ्यामागून घरापर्यंत चालत गेलं असेल.

आई अंगणात सूप घेऊन बसली होती. तिचा आवाज मला फाटकाबाहेरून ऐकू आला.

"हाई उखर्डूनी. हाई प्रमिलानी. हाई प्रेमराजनी. हाई ज्योतीनी. हाई बाळनी." मग मूठ पुन्हा सुपात गेली, चांगली उलटली, दाणे बोटांतून सांडले. "अन हाई कुंदननी."

वर्षभर मी नव्हतो, तरी माझी मूठ होती. तीच, सांडेल इतकी भरलेली.

"आई."

तिनं वर पाहिलं. पावमुठीचे दाणे तिच्या हातातच राहिले. ती माझ्याकडे किती वेळ बघत होती सांगता येणार नाही. मग तिची नजर घराच्या मागच्या दाराकडे गेली आणि परत आली.

"वना का?" ती म्हणाली. "हात-पाय धोई ले."

ते दाणे तिनं परातीत सोडले. आणखी मूठ घेतली नाही. घ्यायचं कारणही नव्हतं. माझं नाव झालं होतं.

घरात सगळे माझ्याशी नीट वागले. इतके नीट, की पाहुण्याशी वागावं तसे. वहिनीनं चहा दिला आणि चहा पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. प्रेमराजभाऊ म्हणाला, "जागा मिळनी का गाडीमा?" आणि उत्तर न ऐकता गोठ्याकडे गेला. आबा दिवेलागणीच्या आधी शेतातून आले, मला पाहिलं, मान हलवली, टोपी खुंटीला लावली. मी समजलो. आबांनी सगळ्यांना सांगितलेलं आहे, आणि हे माझ्या लाजेला जपून बोलतायत.

माझी खाट होती तिथंच होती. उशीला मध्ये खळगा होता. मागच्या अंगणात दोरीवर निळ्या चौकडीचा शर्ट वाळत होता.

मी जवळ गेलो. कॉलरच्या आत पीजीच्या धोब्याची खूण होती, काळ्या शाईतली, खोली सात खाट दोन. माझी खाट. तिसरं बटण मात्र वेगळं होतं. पांढऱ्या बटणाला लाल दोरा, आई लावते तसा.

वहिनी घाईनं आली आणि तिनं शर्ट ओढून घेतला.

"ओला आहे अजून," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"वहिनी, हा शर्ट इथं कसा?"

"भाऊजी, उद्या कानबाई आहे," ती हळूच म्हणाली. "उद्याचा दिवस जाऊ द्या."

रविवारी मी कुठंच गेलो नाही. केळीचे खांब मीच आणले, चौरंग मीच धुतला. दुपारी गल्लीतल्या बाया जमल्या. त्यांनी चौरंगापुढे फुगडी धरली आणि आईनं गाणं सुरू केलं:

"कानबाई माय वनी, दारे केयना खांब वं,
दूर गयं लेकरू, त्यानी वाट किती लांब वं."

दुसरी ओळ म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मग लगेच दुसरीकडे.

बाया गेल्यावर दार लोटलं. रोट फक्त घरच्यांचे. ऊन अजून ओट्यावर होतं. आईनं सहा ताटं मांडली. नाव घेऊन एकेक रोट ठेवला, शेजारी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वर तूप. सहावं ताट मागच्या दाराशी. "कुंदनना," ती म्हणाली, आणि रोट ठेवला. मी तो रोट पाहिला. कडेला जरा जळलेला होता.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. दगडावर ओली पावलं होती. घराकडे जाणारी. माझ्या पावलांएवढी.

मी हात धुतले आणि आत आलो.

कुणीही जेवायला सुरुवात केलेली नव्हती. आबांनी पहिला घास घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी घेत नाही, आणि आबांचा रोट अजून अख्खा होता. सगळे आपापल्या ताटात बघत होते.

माझं ताट रिकामं होतं.

नुसतं रिकामं नाही. स्वच्छ. पितळेवर बोटाच्या टोकाएवढे ओले ठिपके होते, एकेक कण टिपून घेतल्याचे. मी बघत असताना त्यातला एक वाळला. मग दुसरा.

वहिनीच्या मांडीवरचं बाळ मागच्या दाराकडे बघून दोन्ही हात वर करत होतं, उचलून घ्या म्हणून.

"आई," मी म्हणालो, "माझा रोट."

आईनं तुपाची वाटी झाकून ठेवली.

"आई, मला दुसरा दे."

"एका नावना एकच ऱ्हास रे," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "तुले माहीत शे ना."

मी खाली बसलो. ताटासमोर नाही, जमिनीवर, आबांच्या समोर. वर्षभर मी शब्द जुळवून ठेवले होते, शहरी, नीटनेटके. त्यातला एकही आला नाही.

"आबा, मी तुम्हले नौकर म्हनं," मी म्हणालो. "त्या लोकेसले सांगं, हाऊ आमना शेतवरना सालदार शे. अन तुम्ही आनेल रोट मी नही खादा. दुसराले दिधा. त्यानी इचारं कोना शे, तर मी म्हनं, कोनाच नही."

कुणीही दचकलं नाही.

आईनं डोळ्यांना पदर लावला. भाऊ ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"घरमा जो येस, तो मी नही, आबा. तो शर्ट मना शे, पन तो मी नही."

ओट्यावरचं ऊन सरकलं. मागच्या दाराबाहेर कुणीतरी पाय पुसत होतं, पोत्यावर, सावकाश, आधी एक, मग दुसरा. दाराशी आमचा कुत्रा पडलेला होता. त्यानं फक्त शेपटी हलवली.

आबांनी आपल्या ताटातला रोट दोन्ही हातांनी झाकला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आम्हले बठ्ठासले माहीत शे, कुंदन," ते म्हणाले. "पहिलाच दिन वळखं आम्ही. तुना डोया नही त्याले, तुना आवाज बी नही." ते थांबले. पाय पुसण्याचा आवाजही थांबला. "पन डेअरीवर, चार लोकेस्ना मोरे, तो माले आबा म्हनस."